१३ टाके घालून रिंगमध्ये उतरलेला सतीश कुमार

१ ऑगस्ट २०२१, रविवार. ऑलिम्पिक चालू असलं की आमच्या स्पोर्ट्स डेस्कला रविवार-बिविवार काही नसतो, सकाळी नऊलाच ऑफिसात टीव्हीसमोर बसलो होतो कारण टोकियो ऑलिम्पिकच्या बॉक्सिंगमध्ये सुपर हेवीवेट म्हणजे ९१ किलोच्या वरच्या गटाची क्वार्टर फायनल होती, आपला सतीश कुमार विरुद्ध उझबेकिस्तानचा बखोदिर जलोलोव. जिंकला तर ब्राँझ नक्की, कारण बॉक्सिंगमध्ये सेमीफायनल हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ मिळतं. पण आदल्या दिवसापर्यंत तो उतरणार का हेच कळत नव्हतं. आधीच्या मॅचमध्ये जमैकाच्या रिकार्डो ब्राउनला ४-१ ने, म्हणजे पाचपैकी चार जजचा कौल घेऊन हरवताना त्याच्या हनुवटीला आणि कपाळाला खोक पडली होती, दोन्ही मिळून १३ टाके! २०१३ पासून पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून हेडगिअर गेलंय, त्यामुळे डोक्याला डोकं आपटलं की थेट कातडीच फाटते.

डॉक्टरांनी फिट ठरवलं आणि गडी उतरला. समोर कोण, तर २०१९ चा वर्ल्ड चॅम्पियन, साउथपॉ म्हणजे डावखुरा, सहा फूट सात इंच, लांबूनच मारणारा. सतीश सहा फूट दोन. आत घुसल्याशिवाय पॉइंट मिळणार नाहीत आणि आत घुसायचं म्हणजे तेच टाके घातलेलं तोंड पुढे करायचं. तरी तो घुसत होता, मधेच उजव्या हाताचा एखादा पंच लागायचा पण. तिसऱ्या राउंडमध्ये कपाळावरची जखम परत उघडली, रक्त आलं, आमच्याकडे कोणी बोलेना. पठ्ठ्या शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला. पण हरला, ०-५.

संध्याकाळी सिंधूचं ब्राँझ आलं, लगेच हॉकीत ग्रेट ब्रिटनवर ३-१, झालं, पान भरलं. सतीश सिंगल कॉलममध्ये जाणार असं दिसायला लागल्यावर मी भांडलोच. भारताचा पहिला सुपर हेवीवेट ऑलिम्पियन आहे हा, टोकियोत आपल्या पाच पुरुष बॉक्सरपैकी मॅच जिंकलेला एकटा, निव्वळ स्कोअर छापून कसं चालेल? शेवटी खाली अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, मिळाला.

मग मनापासून लिहिलं. बुलंदशहरचा कबड्डी खेळणारा पोरगा, आर्मीत गेला, तिथल्या कोचनी उंची बघून ग्लोव्ह्ज घालायला लावले, मग २०१४ च्या एशियन गेम्सला ब्राँझ, २०१८ च्या कॉमनवेल्थला सिल्व्हर. बायको उतरू नको म्हणत होती हे त्याने नंतर सांगितलं, तेही घेतलं. मॅच संपल्यावर जलोलोवने त्याला चांगला लढलास म्हणून सांगितलं होतं, ते मी मुद्दाम वर घेतलं आणि ०-५ शेवटच्या पॅरात.

त्याच जलोलोवने ८ तारखेला गोल्ड नेलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये परत.