पेल्विक लायपोमॅटोसिस : ऑपरेशन नेमकं कशाचं?

शनिवार, रात्री. नाशिक.

रिपोर्टवर पेल्विक लायपोमॅटोसिस (ओटीपोटात जादा चरबी साठण्याचा आजार) आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, मग ती चरबी काढूनच टाका ना." प्रश्न रास्तच आहे. पण ही चरबी गाठीसारखी वेगळी बांधलेली नसते. मूत्राशय, गुदाशय, मूत्रवाहिन्या (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या) यांच्याभोवती ती पसरते, तिच्यात तंतू आणि रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, आणि कुठे थांबायचं हे दाखवणारा पदर सापडत नाही. रेटून काढायला गेलं तर रक्तस्राव होतो, मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठा तुटतो. मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या की लघवी तुंबून किडनी सुजते. म्हणून ऑपरेशन बहुतेक वेळा चरबीचं नसतं, किडनी वाचवण्यासाठीच असतं.

उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट इतके, की निफाड-सिन्नरकडून दोन्ही किडन्यांना सूज घेऊन आलेल्या माणसाला आधी खडाच धरला जातो. खडा दिसत नसेल आणि पेशंट मध्यमवयीन पुरुष असेल, तर सीटी करायला हवा. मूत्राशय वर उचललेलं, उलट्या नासपतीच्या आकाराचं दिसतं. चरबीची घनता उणे 100 हाउन्सफील्डच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) आसपास आणि सगळीकडे एकसारखी. मध्येच घट्ट, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) घेऊन उजळणारा भाग दिसला तर लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या कॅन्सरची, शंका घ्यायची आणि बायॉप्सी करायची.

मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी फसते ती लांबलेल्या मूत्रमार्गामुळे. सरळ, कडक दुर्बीण आतपर्यंत पोचतच नाही. लवचिक दुर्बीण तयार ठेवावी. कॅथेटरचंही तेच. तो मुळापर्यंत आत सरकवून लघवी आल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, नाहीतर फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि मार्ग फाटतो. आत सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस (मूत्राशयाच्या अस्तराची ग्रंथीसारखी वाढ) बऱ्याच जणांत सापडतो. त्याचे फुगवटे दुर्बिणीतून खरवडून बायॉप्सीला पाठवायचे. ते पुन्हा येतात, हे पेशंटला आधीच सांगावं.

क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर पहिल्यांदा डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी; तो चढत नसेल तर नेफ्रोस्टॉमी, म्हणजे पाठीतून थेट किडनीत नळी. मोठं ऑपरेशन क्रिएटिनिन खाली येऊन स्थिरावल्यावर. स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, आणि आमच्या जिल्ह्यात ती तारीख नेमकी द्राक्षाच्या छाटणीत हरवते. राहून गेलेल्या स्टेंटवर खडे चढले की तो काढणं हेच एक वेगळं ऑपरेशन होऊन बसतं. कार्डावर तारीख ठळक लिहावी आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर घ्यावेत.

कायमचा उपाय बहुतेक वेळा मूत्रवाहिनी पुन्हा रोवणं. ओटीपोटात तिचा रक्तपुरवठा बाहेरच्या बाजूने येतो, म्हणून आतल्या बाजूने शिरायचं आणि तिच्यावरचं आवरण सोलायचं नाही. आवळलेला भाग सोडून वरच्या निरोगी भागात कापायचं, टोक दीड-दोन सेंटिमीटर उभं चिरून रुंद करायचं आणि मूत्राशयाच्या वरच्या, मऊ भागात ताण न देता जोडायचं. ट्रायगोनजवळची (मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग) भिंत जाड आणि सुजलेली असते, तिथे टाके नीट बसत नाहीत. लघवी उलटी किडनीकडे जाऊ नये म्हणून मूत्राशयाच्या भिंतीत मूत्रवाहिनीसाठी बोगदा करायचा तर त्याची लांबी मूत्रवाहिनीच्या व्यासाच्या पाचपट हवी. जाड भिंतीत ते साधत नसेल तर हट्ट न धरता सरळ जोड करावा. लघवी थोडी उलटी गेली तर सांभाळता येतं, पण जोड पुन्हा आवळला तर किडनी जाते. आत स्टेंट चार ते सहा आठवडे, कॅथेटर सात ते दहा दिवस. ड्रेनमधून (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) फार पाणी येत राहिलं तर त्यातलं क्रिएटिनिन तपासा. रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर ती लघवीच गळते आहे.

मूत्राशय आक्रसून निकामी झालं असेल तर इलियल कंड्युट: लहान आतड्याच्या 15 ते 20 सेंटिमीटर तुकड्यातून लघवी बाहेर काढायची आणि पोटावर पिशवी. निर्णय जड आहे. पेशंटने पिशवी हातात घेऊन, लावून पाहिल्यावरच तो घ्यावा.

ओटीपोटातल्या शिरा दाबल्या जात असल्याने पायात गुठळी होण्याचा धोका खरा आहे. एका पायाला सूज आली तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). स्टेंट काढल्यावर महिना-दीड महिन्याने सोनोग्राफी, तीन महिन्यांनी डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते आणि लघवी पुढे जाते का हे दाखवणारा), आणि पेशंटला काही त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन. किडनी दुखल्याशिवायही हळूहळू बंद पडते.