नांदूरमध्यमेश्वरच्या हिवाळी नोंदी : फक्त तपकिरी बदके

यंदाच्या हिवाळ्यात पक्ष्यांची यादी लांबवायची नाही, तर आजवर 'बदक, जात अनिश्चित' असे लिहून ज्यांना मी टाळत आलो त्या तपकिरी माद्या ओळखायला शिकायचे, असे ठरवून नोव्हेंबरपासून नाशिकहून दर दुसऱ्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जातो आहे. १९८६ पासून अभयारण्य असलेले आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले हे पाणथळ गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झाले. त्यामुळे पाणी उथळ आहे आणि नुसती मान बुडवून चरणारी बदके येथे तासन्‌तास नजरेसमोर राहतात.

नोव्हेंबरच्या दोन्ही फेऱ्या जवळजवळ वाया गेल्या, कारण विणीनंतर नरांचाही भडक पिसारा उतरलेला असतो आणि तो पुरता परत येईपर्यंत बरेच नर मादीसारखेच दिसतात. तरी तलवार बदकाच्या नराची निळसर-राखाडी, मधोमध काळी पट्टी असलेली चोच आणि थापट्याच्या नराचा पिवळा डोळा तेव्हाही लपत नाही, हे ध्यानात आल्यापासून मी पिसांआधी चोच पाहू लागलो.

डिसेंबरच्या पहिल्या फेरीत चापडगावच्या मनोऱ्यावरून एक थवा मी गडवालच्या माद्यांचा म्हणून नोंदवला. पहाटे निफाडकडील द्राक्षबागांत थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर पाण्यावर उतरला होता, हे निमित्त सांगता येईल; पण खरे कारण माझी घाई हेच. थोड्या वेळाने दलदल ससाणा खाली झेपावला, थवा उठला आणि एकाही पंखाच्या मागील कडेवर गडवालचा पांढरा चौकोन दिसला नाही. लांब मान, टोकदार शेपूट आणि एकसारखी राखाडी चोच पाहता त्या तलवार बदकाच्या माद्या होत्या. गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात, ही खूण त्या दिवसापासून वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

थापट्याची मादी फावड्यासारख्या चोचीमुळे लगेच ओळखू येते. तरंग बदकाची मादी गोल डोके आणि आखूड, काळ्या टोकाची चोच यांवरून आता दुर्बिणीतूनही कळते. हळदीकुंकू बदकाने मात्र कधीच त्रास दिला नाही. नर आणि मादी दोघेही आपले नाव चोचीवरच मिरवतात.

चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या अजून चुकतात. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावरील पट्टे ठळक असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो; चक्रांगच्या मादीच्या शेपटीलगत फिकट रेघ असते. परंतु या खुणा ८ बाय ४२ च्या दुर्बिणीला शंभर मीटरवर मला पटवून देता येत नाहीत. पुढच्या फेरीला एका स्नेह्यांचा स्कोप (तिकाटण्यावरची जास्त ताकदीची एकनळी दुर्बीण) मागून नेणार आहे. तोवर वहीत या दोघींपुढे प्रश्नचिन्हच राहील.