युनिकॉर्नला एलईडी इंडिकेटर आणि रनिंग लाईट, दुसऱ्यांदा (खाऱ्या हवेतलं वायरिंग)

मंडळी, मागच्या पावसाळ्याआधी बसवलेले एलईडी इंडिकेटर (त्यातच चावी फिरवली की कायम पेटणारा रनिंग लाईट) काढले आणि सगळं वायरिंग पहिल्यापासून परत केलं, त्याचा हा लॉग. गाडी २०१३ ची होंडा युनिकॉर्न बाईक, राहायला गुहागरला, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटं, आणि महिन्यातून तीन-चार वेळा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि पुढे दापोली हे ठरलेलं. हे आधीच सांगतोय कारण घाटावरचे मित्र विचारतात की दोन वायरी जोडायला एवढं काय, तर इथे लाईट कधी खराब होत नाही, खराब होतो तो जोड.

पहिल्या वेळेला मी सगळे करतात तसंच केलं होतं, वायर सोलली, पीळ मारला, वरून काळी टेप. जून-जुलै व्यवस्थित गेले. ऑगस्टमध्ये शृंगारतळीहून रात्री येताना वळणावर हॅन्डल वळवलं आणि इंडिकेटर, हॉर्न, रनिंग लाईट सगळं एकदम गेलं. रनिंग लाईटची वायर हॅन्डलच्या टी-खाली (पुढचे फोर्क धरणारी पट्टी) फ्रेमला घासून घासून सोलली गेली होती, तिला वेगळा फ्यूज दिलाच नव्हता म्हणून गाडीचा फ्यूज उडाला. पावसात मोबाईलच्या उजेडात ती वायर तोडून बाजूला केली आणि सीटखालचा स्पेअर फ्यूज टाकून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पडवीत गाडी घेऊन एकेक टेप सोडवली तर आत तांब्याला हिरवागार कळंक, हात लावला की तारा भुगा होऊन पडतायत. त्याहून वाईट म्हणजे काळेपणा रबराच्या आतून दोन-अडीच इंच वर चढलेला, म्हणजे टोक कापून परत जोडून भागत नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायला लागतं. उजव्या मागच्या इंडिकेटरला तर बॅटरीपेक्षा १.८ व्होल्ट कमी मिळत होते, तो मिणमिणत का होता ते तेव्हा कळलं.

यावेळी वायर बदलली. जेट्टीवर होड्यांच्या इंजिनाचं काम करणारे एक काका आहेत, त्यांना तुटलेला जोड दाखवला तर ते म्हणाले, "अरे, साधं तांबं कशाला घालतोस, कल्हईची वायर घे." होड्यांना वापरतात त्या वायरीची प्रत्येक तार कथलाचा मुलामा दिलेली असते, सोलली की आत लाल नाही, चांदीसारखी दिसते. घरातल्या तांब्या-पितळेच्या पातेल्यांना आजी दरवर्षी कल्हई करून घ्यायची तेच कथील, तोच उपयोग, आणि मला गाडीच्या बाबतीत हे कधी सुचलं नाही. ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली, एलईडीच्या करंटला ती भरपूर आहे, पण त्याहून बारीक वायर हादऱ्याने तुटते.

आता रंगांचं, आणि हे युनिकॉर्नच नाही तर कुठलीही होंडा असेल त्यांनी नीट वाचा. होंडात हिरवी वायर म्हणजे अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) आणि काळी वायर म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह. नारिंगी डावा इंडिकेटर, फिकी निळी उजवा, करडी फ्लॅशरमधून (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) स्विचकडे जाणारी. आणि बाजारातल्या बहुतेक एलईडी इंडिकेटरवर काळी वायर म्हणजे अर्थ! काळ्याला काळी जोडायचा मोह होतो आणि तिथेच घोळ होतो. माझ्या सेटवर तीन वायरी होत्या, काळी अर्थ, पिवळी इंडिकेटर, लाल रनिंग लाईट, पण दुसऱ्या सेटवर वेगळे रंग असू शकतात म्हणून गाडीला लावायच्या आधी चारही नग बॅटरीवर एकेक करून पेटवून बघितले आणि वायरींना कागदी चिठ्ठ्या लावल्या. अर्धा तास जातो, पण घालवाच.

फ्लॅशरचा विषय बऱ्याच जणांना माहीत असेल तरी सांगतो. मूळचे बल्ब १० वॅटचे, एका बाजूला दोन म्हणजे २० वॅट, साधारण पावणेदोन अँपिअर. माझे एलईडी दीड-दीड वॅटचे, म्हणजे पाव अँपिअर. जुन्या फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेला, म्हणून तो धडाधड उडवायला लागतो, मी मोजलं तर मिनिटाला दीडशेच्या वर. नियमात ६० ते १२० आहे. यावर उपाय दोन, प्रत्येक बाजूला रेझिस्टर लावून खोटा लोड द्यायचा नाहीतर एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकायचा. रेझिस्टर मी लावणार नाही आणि तुम्हालाही लावा म्हणणार नाही, तो हात भाजेल इतका तापतो, शेजारचं प्लास्टिक वितळवतो, आणि वाचवलेली सगळी वीज त्यातच जाळायची तर एलईडी बसवले कशाला? दोन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला. त्याला उलटसुलट चालत नाही, काळी वायर बी लिहिलेल्या पिनेवर आणि करडी एल लिहिलेल्या पिनेवर, उलटं लावलं तर नुसता गप्प बसतो. आता मिनिटाला ८४ वेळा उडतो, दोन्ही बाजू मोजल्या.

रनिंग लाईटला या वेळी बॅटरीवरून थेट वेगळी लाईन, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३ अँपिअरचा फ्यूज, मग रिले (थोड्याशा करंटने मोठी लाईन चालू-बंद करणारा स्विच). रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर फ्यूजमधून आलेली लाईन, ८७ वरून लाईटकडे, ८६ ला चावीची काळी वायर, ८५ ला अर्थ. एवढ्याशा करंटला रिले कशाला असं कोणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे, पण पुढेमागे आंबा घाटातल्या धुक्यासाठी फॉग लॅम्प लावायचेत तेव्हा फ्यूज आणि वायर तेवढी जाड घातली की रिलेची जागा तयार, आणि मुख्य म्हणजे आता ही लाईन शॉर्ट झाली तर तिचाच फ्यूज जाईल, हॉर्न आणि इंडिकेटर चालू राहतील. टी-खालून जाणाऱ्या वायरींना जाळीची स्लीव्ह घातली आणि हॅन्डल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून मगच केबल टाय ओढले.

जोडांना सगळ्यात जास्त वेळ दिला, दोन रविवार. जे कधी उघडायचे नाहीत त्यांना डाख (सोल्डर), त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), गरम केली की दोन्ही टोकांतून गोंद बाहेर दिसला पाहिजे तरच पाणी अडतं. डाख दिलेली वायर जोडाजवळ ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते म्हणून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूला फ्रेमला आधार दिला. जिथे उघडायला लागणार तिथे रबरी सील असलेले कपलर, आत ग्रीस. अर्थसाठी फ्रेमच्या बोल्टवर विसंबलो नाही, रंगाखाली गंज कधी धरतो कळत नाही, चारही इंडिकेटरची अर्थ एकत्र करून बॅटरीच्या निगेटिव्हला नेली.

एका इंडिकेटरची काच नीट बसलेली नव्हती, तिथे सिलिकॉन लावलं. यात एक काळजी घ्या, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि आतल्या तांब्याला खातं, न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्या. आणि खालचं बारीक भोक बुजवू नका, आत धरलेला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो.

मध्येच मामांच्या जुन्या गाडीलाही हेच एलईडी लावले तर डावा दिला की चारही उडायला लागले. तिच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा आहे, तो डाव्या आणि उजव्या लाईनच्या मध्ये जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बमधून अर्थ घेतो. बल्ब असताना एवढ्याशा करंटने ते पेटत नव्हते, एलईडी मात्र पेटतात. मीटरच्या दिव्याचं एक टोक अर्थला दिलं, दुसऱ्या टोकाला दोन्ही लाईनींवरून एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्यावरच्या पट्टीची बाजू दिव्याकडे, झालं काम. मामांनी लगेच "चहा ठेव गं" म्हणून आत हाक मारली.

रात्री भावाला गल्लीच्या टोकाला चिऱ्याच्या गडग्यापाशी उभं केलं आणि इंडिकेटर दिले. तो म्हणाला, "दादा, पांढरा दिसतोय, पिवळा कळत नाहीये." रनिंग लाईट इतका प्रखर की शेजारचा पिवळा त्यात बुडत होता. हे मला महत्त्वाचं वाटतं, समोरच्याला वळणार आहे ते कळलं नाही तर इंडिकेटर असून नसून सारखाच. रनिंगच्या लाईनवर रेझिस्टर टाकून तो मंद केला. हा छोटासाच, जेमतेम कोमट होतो, वरच्या खोट्या लोडच्या रेझिस्टरशी त्याची तुलना नको. परत भावाला उभं केलं, आता साठ-सत्तर पावलांवरूनही पिवळा वेगळा दिसतो.

पाऊस लागून पाच आठवडे झाले, फेरीबोटीतून सहा फेऱ्या, त्यातल्या एकीत वाऱ्याने खारं पाणी थेट टाकीवर आलं होतं. काल मुद्दाम मागचा एक कपलर उघडला, पिना स्वच्छ, ग्रीस जागेवर. इंजिन चालू असताना बॅटरीला १४.१ व्होल्ट आणि उजव्या मागच्या रनिंग लाईटला, रेझिस्टरच्या आधी, १३.९. नंबर प्लेटचा दिवा अजून जुन्या वायरीवर आहे, तो गणपतीच्या आधी करणार.