शेत घरचं की बटाईचं, रोजड्यांना काय त्याचं!

इंदूर-देवास भागात गव्हात रोजडे, म्हणजे नीलगायी, घुसल्या की "आपली जमीन, आपण मारू" असं हमखास ऐकू येतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मालकीला असा हक्क नाही. उभं पीक वाचवायला कलम 11 खाली नीलगायीसाठी लेखी परवानगी मिळू शकते. मारलेलं जनावर मात्र सरकारजमा. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, तिथे पिकाचं कारण चालतच नाही.

घरचं शेत आणि बटाईचं, म्हणजे दुसऱ्याचं वाट्याने कसलेलं, यात खरा फरक भरपाईत. पटवारी (तलाठी) खसऱ्यातलं, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतलं, नाव बघतो, म्हणून तोंडी बटाईत पैसे मालकाकडे जातात आणि पुढे भांडणं. मध्य प्रदेशच्या 2016 च्या बटाईदार कायद्याप्रमाणे लेखी करार करा, प्रत तहसीलदाराकडे द्या, भरपाईची वाटणी त्यातच लिहा.

दुसऱ्याच्या जमिनीत सिमेंटचे खांब कोण पुरणार? काढून नेता येईल असं सोलर झटका कुंपण बरं. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका मरतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग सुटतं. अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओतत राहा. घरची लाइन थेट तारेत सोडणारे महाभाग आहेत. त्यात माणसं मरतात आणि गुन्हाही दाखल होतो.