दूध, मीठ आणि तिसरा घटक

ज्या दिवशी मी इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रांताच्या सहलीचा आराखडा पक्का करून आगाऊ रकमा पाठवणार होते, त्याच दिवशी सकाळी रेज्जो एमिलियाजवळच्या एका चीज डेअरीकडून माझ्या प्रश्नाचे उत्तर आले. प्रश्न साधा होता. गटातील एका बाईंना दूध पचत नसल्याने त्यांना पार्मिजानो रेज्जानो चालेल का, एवढेच मी विचारले होते. चालेल, असे डेअरीने कळवले, कारण या चीजमधील दुधाची साखर सुरुवातीच्या काही तासांतच आंबून संपते. त्याखाली घटकांची एक ओळ होती: दूध, मीठ आणि वासराचे रेनेट.

ही ओळ मी तीनदा वाचली. रेनेट हा शब्द मला नवा नव्हता. दूध घट्ट करण्यासाठी काहीतरी लागते, हे मी अनेक सहलींत ऐकले होते, परंतु ते काहीतरी कोठून येते याचा विचार मी कधी केला नव्हता. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून ते काढतात, म्हणजेच त्यासाठी वासरू कापलेले असते. पार्मिजानो या नावाने विकल्या जाणाऱ्या चीजमध्ये दुसरे कोणतेही रेनेट नियमाप्रमाणे वापरता येत नाही.

मी नाशिकमध्ये लहान गटांच्या परदेश सहली आखते. हा गट पाच जणांचा होता. दिंडोरी तालुक्यातील एक बागायतदार, त्यांच्या पत्नी, मेहुणे, मेहुण्यांच्या पत्नी आणि बागायतदारांच्या आई. दादा वाइनरीसाठी करारावर शेनाँ ब्लाँ आणि शिराझ पिकवतात, त्यामुळे इटलीतील द्राक्षबागा पाहण्याची त्यांची इच्छा जुनी होती. आजी माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीचा उपवास, आणि मांस, अंडे, दारू यांना आयुष्यात स्पर्श नाही. वाइनच्या सहलीत आजी काय करणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते की वाइन दादांची आणि चीज आजींचे. ज्यांनी जन्मभर गाई सांभाळल्या, दूध तापवले, लोणी काढले, त्यांना चीज कसे होते ते पाहण्यासारखे आनंदाचे काय असेल, असे मला मनापासून वाटले होते. एवढ्यावर मी थांबले नव्हते. आधीच्या सहलीतून आणलेला पार्मिजानोचा एक तुकडा माझ्याकडे होता, तो मी बशीत फोडून सर्वांपुढे ठेवला. आजींनी एक कण जिभेवर ठेवला, थोडा वेळ घोळवला आणि म्हणाल्या, “खारट आहे, पण मागून खव्यासारखं गोड लागतं.” मग त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला.

ती बशी त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होती.

दादांना आधी टस्कनीला जायचे होते. एमिलिया-रोमान्या मी सुचवले, आणि त्याची कारणे आजही मला योग्य वाटतात. इसवीसनपूर्व 187 मध्ये रोमन कॉन्सल मार्कस एमिलियस लेपिडस याने रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत जो सरळ रस्ता बांधला, त्याच्याच नावावरून या प्रांताला एमिलिया म्हणतात, आणि बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा ही सारी शहरे त्या रस्त्यावर माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत. रेल्वेही त्याच्या कडेनेच धावते. त्यामुळे मोदेनात एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज जाऊन येता येते, दर दिवशी बॅगा भराव्या लागत नाहीत आणि आजींच्या गुडघ्यांना त्रास होत नाही. बागांना मात्र गाडीनेच जावे लागते. तेथे वाइनची चव घ्यायची असल्यामुळे मी पहिल्यापासून चालकासह गाडी धरली होती, कारण इटलीत चालकाच्या रक्तात दर लिटरला 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही आणि दोन-तीन पेल्यांनंतर त्या मर्यादेची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

तारखा ठरवणे सर्वांत अवघड गेले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणून तेव्हा दादा हलू शकत नाहीत. ऑगस्टच्या मध्यावर इटलीतील लहान उत्पादक सुट्टीवर जातात आणि दारे बंद असतात. सप्टेंबरमध्ये लांब्रुस्को या तिथल्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते, म्हणजे पाहायला तोच महिना उत्तम. पण त्यात गणपती येतात, आजोबांची तिथी सर्वपित्री अमावास्येला असते आणि लगेच ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू होते. विसर्जन आणि अमावास्या यांच्यामध्ये जे दिवस उरतात, त्यांतून आम्ही आठ दिवस काढले होते.

दादांसाठीचा भाग मला फार आवडला होता. सोर्बारा गावाच्या परिसरातील लांब्रुस्को या जातीच्या फुलात परागकण असतात, पण ते वांझ असतात. म्हणून तेथील शेतकरी तिच्या ओळींमध्ये सालामिनो ही दुसरी लांब्रुस्को लावतात आणि तिच्या परागांवर सोर्बाराचे फळ धरते. तरीही बरीच फुले गळतात आणि घड विरळ राहतात. जो माणूस दरवर्षी मजूर लावून घडांची विरळणी करून घेतो, त्याला ही गोष्ट सांगितल्यावर तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. दक्षिणेकडे कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवर ग्रास्पारोस्सा पिकते, तिचे देठ लालसर असतात आणि वाइन गडद व तुरट होते. सोर्बाराची वाइन फिकट गुलाबी आणि आंबट असते. दोन्हींत बुडबुडे असतात. एकाच दिवशी सकाळी सपाटीवरची बाग आणि दुपारी टेकडीवरची बाग, असा बेत होता, आणि तो आम्ही पुढेही बदलला नाही.

बदलायचे होते ते आजींचे सारे दिवस. मेल वाचल्यावर मी इतर कामे बाजूला ठेवली आणि आराखड्यातील प्रत्येक जेवण आतून तपासायला घेतले. माझ्या कागदावर अनेक पदार्थांपुढे मीच हिरवी खूण केली होती, आणि दुपारपर्यंत त्यांतली एकेक पुसत गेले. पार्माचे तोर्तेल्ली पालेभाजी आणि रिकोटाचे असतात, परंतु सारणात पार्मिजानो असते आणि पारीच्या पिठात अंडे. भोपळ्याच्या तोर्तेल्लीचेही तसेच. ताजी तालियातेल्ले म्हणजे अंड्यातच मळलेली पट्टी. न्योक्को फ्रित्तो हा आपल्या पुरीसारखा फुगणारा पदार्थ पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत तळतात. रोमान्याची पियादिना चरबी घालूनही करतात आणि ऑलिव्ह तेल घालूनही, तेव्हा प्रत्येक दुकानात विचारावे लागते. एर्बाझ्झोने नावाचा पालेभाजीचा खुसखुशीत पोळा दिसतो निव्वळ शाकाहारी, पण त्यात चरबी आणि चीज दोन्ही असतात. रिसोत्तो या भाताचे पाणी बहुधा मांसाचे. रिकोटा तर चीज काढून उरलेल्या निवळीपासून होते, म्हणजे रेनेट आधी पडून गेलेल्याच दुधाची. आपल्याकडच्या चीजच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो, कारण त्यात बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते. त्या ठिपक्याच्या भरवशावर मी चीज म्हणजे दूध असेच धरून चालले होते.

हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघायला थोडेच दिवस राहिले होते आणि आजी दरवर्षी पहिल्या टप्प्यांत चालतात, हे मला माहीत होते. दुपारी मी दिंडोरीला गेले. ओसरीवर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून सुरुवातीपासून सगळे सांगितले. दूध कसे घट्ट करतात, त्यासाठी काय वापरतात, ते कोठून मिळते, आणि माझ्या ऑफिसात त्यांना दिलेल्या तुकड्यातही तेच होते, हेही. दादा मध्येच म्हणाले, “अहो, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय!” आजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

“म्हणजे वासरू मारून?”

“हो आजी.”

“पाजतं वासरू?”

“हो.”

त्या बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिल्या. गोठ्यात एक कालवड बांधलेली होती. मग त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, “मला ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. कळल्यावर लगेच आलात, हे चांगलं केलंत. आता पुढचं नीट विचारून करा.” त्यानंतर त्या आत गेल्या, हातपाय धुऊन देवासमोर थोडा वेळ बसल्या आणि चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्यावर त्यांचा राग असता तर मला सोपे गेले असते.

सहल रद्द करण्याचा प्रस्ताव मीच मांडला. कोणाचीही रक्कम अजून गेलेली नव्हती. आजींनी तो मानला नाही. मुलाने इतकी वर्षे बाग जगवली आहे, त्याला तिकडच्या बागा पाहू द्या, आणि मी काय खाईन ते मी पाहीन, असे त्यांचे म्हणणे होते. मग आम्ही तिथेच ओसरीवर कागद पसरला आणि संध्याकाळपर्यंत नवा आराखडा केला.

मोदेनातील हॉटेल काढून स्वयंपाकघर असलेले घर घेतले. ते आल्बिनेल्ली बाजाराच्या जवळ आहे. 1931 पासूनच्या या छत असलेल्या मंडईत सप्टेंबरमध्ये अंजीर, पीच, टोमॅटो, शेंगा आणि ताजी पालेभाजी भरपूर मिळते. बाजरीचे पीठ, डाळीचे पीठ आणि लसणाची चटणी घरून न्यायची ठरले. अंड्याशिवायचा वाळवलेला पास्ता रवाळ गव्हाच्या पिठाचा आणि पाण्याचा असतो, तो ऑलिव्ह तेल, लसूण आणि टोमॅटो घालून कोठेही करून मिळतो. जेथे बाहेर जेवायचे, त्या प्रत्येक ठिकाणी द्यायची एक चिठ्ठी मी इटालियनमध्ये लिहून घेतली. तिच्यात शाकाहारी हा एकच शब्द लिहून भागणार नव्हते, म्हणून मांस, मासे, अंडे, चरबी, मांसाचे पाणी आणि चीज नको, असे एकेक नाव लिहिले.

बल्सामिक सिरका जेथे पिंपांत मुरवतात तो माळाही आराखड्यात होता, त्याबद्दल आजींनी विचारले, “त्यात दारू आहे का?” पुन्हा अर्धवट उत्तर देण्याची माझी तयारी नव्हती. मोदेनाच्या पारंपरिक सिरक्यात फक्त द्राक्षाचा रस असतो. तो उघड्या भांड्यात तासन्‌तास आटवतात, मग तो आंबतो, त्यात काही काळ अल्कोहोल तयार होते आणि त्याचेच पुढे आम्ल होते. लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या रांगेत तो किमान 12 वर्षे राहतो, आणि बाटलीवर एक्स्ट्राव्हेक्किओ असे लिहायचे असेल तर 25 वर्षे. हे ऐकून आजींनी सिरका नको म्हटले. पण त्याच आटवलेल्या रसाला आंबवण्याआधी साबा म्हणतात आणि तो तसाच बाटलीत भरून विकतात, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे द्राक्षाची काकवी,” त्या म्हणाल्या. त्याहून चांगला शब्द मला सुचला नसता. साबाच्या दोन बाटल्या यादीत गेल्या, एक घरासाठी आणि एक शेजारणीसाठी.

शेवटी डेअरीची सकाळ उरली. बाकीच्या चौघांना ती पाहायची होती. ती मी आजींच्या पानावरून खोडत असताना त्यांनी विचारले की तिथे दुधाचे नक्की काय काय करतात. मी सांगितले. संध्याकाळचे दूध रात्रभर रुंद, उथळ थाळ्यांत ठेवतात आणि सकाळी वर आलेली साय काढून घेतात. मग त्यात सकाळचे सायीसकट दूध मिसळून ते तांब्याच्या मोठ्या कढईत ओततात, आदल्या दिवशीची आंबलेली निवळ विरजणासारखी घालतात, आणि रेनेट त्यानंतर पडते. चीजच्या साधारण 40 किलोच्या एका गोल चाकाला सुमारे 550 लिटर दूध लागते.

“साडेपाचशे लिटर!” आजी म्हणाल्या आणि थोडा वेळ मनाशी हिशेब करत राहिल्या. “साय काढतात ते मला बघायचंय. विरजण लावेपर्यंत थांबते. ते तुमचं तिसरं आलं की मी बाहेर.”

रात्री घरी पोहोचल्यावर मी डेअरीला मेल लिहिली. आमच्यातील एक ज्येष्ठ बाई श्रद्धेमुळे रेनेट घालण्यापूर्वी बाहेर पडतील, चव चौघेच घेतील, आणि साय काढताना पाहता यावी म्हणून आम्हाला नेहमीच्या वेळेआधी आत घेता येईल का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. लवकर या, कढयांच्या बाजूला अंगणात सावलीत बाक आहे, तेथे त्यांना बसता येईल, आणि त्यांना गाई पाहायच्या असतील तर गोठा शेजारीच आहे.

मी आजींच्या पानावर खोडलेली सकाळ पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे लिहिले: साय, विरजण, मग गोठा.