चिठ्ठ्यांचा रविवार

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा नोव्हेंबरात, भायखळ्याला चर्चच्या हॉलात भरतो. प्रार्थना, अहवाल, जमाखर्च हे सगळं होतंच. अहवाल १८१३ साली हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तिथून सुरू होतो आणि आमच्या मंडळापर्यंत येईस्तोवर मागच्या दोन रांगा पेंगायला लागतात. अठरा वर्षं तो मीच लिहिलाय, म्हणून बोलतो.

खरी मजा त्यानंतर. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकाने ताटातून बायबलातल्या वचनाची एक चिठ्ठी उचललेली असते. मेळाव्यात ती घेऊन उभं राहायचं आणि वर्षभरात तिचं काय केलं ते सांगायचं. नुसतं वचन ऐकणारा माणूस आरशात तोंड पाहून जातो आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरतो, असं याकोबाने लिहून ठेवलंय. त्यामुळे कोणी उपदेश सुरू केला की सेक्रेटरीबाई सरळ घंटी वाजवतात. एकदा पाळकसाहेबांनाही वाजवली होती.

काळाचौकीच्या मावशींना एका वर्षी इफिसकरांस पत्रातलं वचन आलं: सूर्य मावळायच्या आत राग सोडा. मावशी चाळीत राहतात, सार्वजनिक नळ. शेजारणीने त्यांचा हंडा रांगेतून मागे सरकवला, ह्यांनी तिची कळशी लाथेने उडवली. अकरा दिवस अबोला. चिठ्ठी साखरेच्या डब्याला चिकटवलेली, रोज चहाच्या वेळी दिसायची. शेवटी एका संध्याकाळी त्या शेजारणीच्या दाराशी गेल्या. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "अगं, रोज दिवेलागणीला काय येतेस भांडायला?" हातात तुळशीपुढे लावायचं निरांजन घेऊनच तिने दार उघडलं. मग चहा झाला.

"आता भांडत नाही असं नाही," मावशी म्हणाल्या. "पण नळ पहाटे साडेचारला येतो, सूर्य साडेसहाला मावळतो. चौदा तास मिळतात रागवायला. पुष्कळ झाले." हॉल हसून हसून कोसळला. मला मात्र दरवर्षी ते आठवून घसा दाटतो.

त्यावर पाळकसाहेबांनी दोनच वाक्यं जोडली. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुराची मजुरीही सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलीय. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो, तेव्हा राग असो की पैसा, उद्यावर बाकी ठेवायची नाही. पुढल्या मेळाव्यात चिंचपोकळीचे भाऊ उभे राहिले. रंगकामाची कामं घेतात. आलेल्या चिठ्ठीबद्दल ते काही बोललेच नाहीत. म्हणाले, "पोरांचे पैसे शनिवारी द्यायचो. आता रोज संध्याकाळी देतो. पाकीट रिकामं असतं, झोप लागते." आणि खाली बसले. घंटी वाजवायची वेळच आली नाही.

आता हजेरीचं. गेल्या वर्षी बासष्ट सह्या आणि ताटं मात्र एकशे दहा. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक मलाही कळतो, पण तो बिर्याणीच्या वेळी बरोबर कसा उठतो? तरुण संघाचे तर चौघेच, त्यातले दोघे माईकवर.

राबणारे मात्र तेच. पेटीवर नायगावचे काका, ढोलकीला त्यांचा नातू. खुर्च्या लावणारी परळची तीन भावंडं. बिर्याणीचा टोप उतरवणारे दोघे जावई (एक आमचा). शब्बाथ शाळेच्या पोरांना गप्प बसवणाऱ्या बाई, चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिका, पाण्याच्या बाटल्या देणारे माझगावचे दुकानदार, आणि सगळे गेल्यावर दिवे-पंखे बंद करणारे वॉचमनदादा.

आणखी एक. काळाचौकीची ती शेजारीण दोन वर्षं येतेय. भटारखान्याच्या दाराशी पाट टाकून बसते आणि सगळा कांदा एकटीने चिरते. गेल्या अहवालात आभारांच्या यादीत तिचं नाव राहिलं. मावशींनी मला ते हॉलातच, सगळ्यांदेखत सुनावलं. दुपारचे तीन वाजले होते.