लंडनची नोकरी आणि रोजचं कार्ड: परभणीकडून निघालेल्यांसाठी

परभणी, जिंतूर, सेलूकडची बरीच मुलंमुली आता एमएस्सीला नाहीतर कंपनीच्या कामावर लंडनला जातायत. निघायच्या आठवड्यात मला हमखास फोन येतो, "ताई, तिथं बसचं, ट्रेनचं कसं करायचं?" काळा मसाला किती न्यायचा, कुकर कितीचा, हे सगळ्यांना पाठ असतं, कार्डाकडे कोणी बघत नाही. माझी खोली ईस्ट हॅमला आणि ऑफिस कॅनरी वॉर्फला होतं. म्हणजे हे रोज डबा घेऊन निघणारीचं सांगणं आहे, फिरायला आलेल्या पाहुणीचं नाही.

पहिलं काम परभणीतच उरकायचं. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत आणि स्टेशनच्या फाटकावर यूपीआयचा क्यूआर नसतो. तिथे एकतर ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड टेकवायचं, नाहीतर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड. आपलं बँकेचं नवं कार्ड मात्र फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून हातात येतं. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बँकेच्या अ‍ॅपमधून वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. ओटीपी येणारं सिम फोनमध्ये आहे तोवर हे करून टाका. रुपेवर विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड सोबत असू द्या.

हीथ्रोला उतरलं की तीन गाड्या दिसतात. हीथ्रो एक्स्प्रेस झपाट्याने नेते, पण तिचं भाडं बघून डोळे पांढरे होतात. एलिझाबेथ लाइन भाड्यात आणि वेगात मधली. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त आणि हळू. पूर्व लंडनला जायचं असेल तर पिकॅडिलीने निघून हॅमरस्मिथ किंवा बॅरन्स कोर्टला उतरा. डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी तिथे त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला लागते, दोन बॅगा घेऊन जिने चढावे लागत नाहीत. अपमिन्स्टर किंवा बार्किंगची गाडी पकडली की थेट ईस्ट हॅम.

आता मुख्य गोष्ट. एसटीत आपण गावाचं नाव सांगतो, टप्प्यांचा हिशेब कंडक्टर करतो. लंडनमध्ये कंडक्टर नाही. कुठे चढलात, कुठे उतरलात हे तुमचं कार्डच सांगतं, म्हणून भुयारी रेल्वेत आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा यंत्राच्या पिवळ्या गोलावर ते टेकवायचंच. बाहेर पडताना विसरलात तर यंत्र जास्तीत जास्त भाडं कापून मोकळं होतं. बसमध्ये उलट: चढताना एकदाच, उतरताना अजिबात नाही.

मोठ्या स्टेशनांवर फाटक असतं, कार्ड टेकवल्याशिवाय ते उघडत नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्न नसतो. खरा घोळ डीएलआरवर, म्हणजे पूर्व लंडनकडच्या हलक्या रेल्वेवर. तिच्या बहुतेक स्टेशनांना फाटकच नाही, नुसता यंत्राचा एक खांब उभा. ऑफिसच्या गर्दीत, फोन कानाला लावून माणूस सरळ पुढे निघून जातो. कॅनरी वॉर्फला तर जुबिली लाइन, डीएलआर आणि एलिझाबेथ लाइन यांची स्टेशनं वेगवेगळी आहेत. पहिल्या आठवड्यात आपलं कुठलं ते नीट बघून घ्या. काही स्टेशनांवर गुलाबी यंत्रंही दिसतील. भाड्यासाठी लंडनचे मध्यापासून बाहेरपर्यंत झोन पाडलेत. मधल्या झोन 1 मध्ये न शिरता बाहेरून वळसा घालून जाताना, गाडी बदलतो तिथे ते गुलाबी यंत्रही टेकवायचं, म्हणजे भाडं स्वस्त वाटेचं लागतं. प्रवास तिथे संपत नाही, शेवटी पिवळं आहेच.

झोनवरून आठवलं, खोली शोधताना भाड्याच्या आकड्याशेजारी झोनही लिहून ठेवा. ईस्ट हॅम झोन 3 आणि 4 च्या सीमेवर आहे, कॅनरी वॉर्फ झोन 2 मध्ये. वेस्ट हॅमला गाडी बदलून मी झोन 1 ला न शिवता ऑफिसला पोचायचे, आणि महिन्याच्या शेवटी तो फरक खिशाला चांगलाच कळायचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6.30 ते 9.30 आणि दुपारी 4 ते संध्याकाळी 7 गर्दीचं भाडं लागतं. साहेब मान्य करत असतील तर साडेनवानंतर फाटक ओलांडा.

रोज जाणाऱ्याला खरी बचत कमाल मर्यादेने होते. दिवसात ठरावीक रकमेपर्यंत पैसे कापले गेले की पुढचा प्रवास फुकट, आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा असते. बसला मी होते तेव्हा 1.75 पौंड पडायचे आणि त्यात तासाभराच्या आत दुसरी, तिसरी कितीही बस पकडता यायची. मात्र हा सगळा हिशेब एकाच वस्तूवर चालतो. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड भरलेला फोन टेकवला, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. अख्खं पाकीट टेकवलं तर नको ते कार्डही वाचलं जातं, म्हणून हवं ते वेगळं काढून ठेवा.

मग ऑयस्टर की बँकेचं कार्ड? भारतातलं कार्ड वापरलं तर बँक पौंडांवर साधारण 2 ते 3.5 टक्के वरकड लावते. आठ-पंधरा दिवसांसाठी ते चालून जातं. तिथलं बँक खातं उघडलं की त्या खात्याचं कार्ड सगळ्यात सोपं, पैसे भरायची कटकट नाही. पण विद्यार्थी असाल तर ऑयस्टरच घ्या, असं माझं ठाम मत आहे. 16-25 रेलकार्ड, म्हणजे तरुणांसाठीचं रेल्वे सवलतीचं कार्ड, ऑयस्टरला जोडून मिळतं, ते काम स्टेशनवरचा कर्मचारी करून देतो, आणि गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट लागते. बँकेच्या कार्डाला ती जोडता येत नाही. 18 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांचं फोटोवालं ऑयस्टर वेगळं. त्यावर आठवड्याच्या आणि महिन्याच्या पासला 30 टक्के सूट मिळते, पण ते कॉलेजमार्फत मंजूर व्हावं लागतं, म्हणून प्रवेशाच्या गडबडीतच अर्ज टाका.

आई-बाबा आले की वेगळीच गंमत. "इथं बायांला अर्धं तिकीट नाही का?" हा आईचा पहिला प्रश्न. नाही. ज्येष्ठांचा लंडनचा फुकट पासही तिथल्या रहिवाशांनाच आहे, पाहुण्यांना नाही. एका कार्डावर दोघांनी जाता येत नाही, दोघांना दोन ऑयस्टर घेऊन द्या. नातवंडं 11 वर्षांखालची असतील तर मोठ्यांसोबत फुकट जातात. आणि बाबांना फलाटावरच्या बाकड्यावर बसवून तुम्ही काम उरकायला जाऊ नका. आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या वेळेलाही मर्यादा आहे. ती ओलांडली की जास्तीत जास्त भाडं.

चुकून जास्त पैसे कापले गेलेच तर ऑनलाइन परत मागता येतात. त्यासाठी कार्डाची नोंदणी टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, ऑनलाइन खात्यावर केलेली बरी, म्हणजे प्रवासांची यादीही बघायला मिळते आणि हरवलं तर शिल्लक वाचते. परत येताना ऑयस्टरमध्ये थोडे पौंड उरले असतील तर स्टेशनवरच्या यंत्रातून काढता येतात, कार्डाची किंमत मात्र मिळत नाही. शिल्लक कालबाह्य होत नसल्याने बरेच जण ते पुढच्या मुलाला देऊन टाकतात. साधं कार्ड खुशाल द्या; रेलकार्ड जोडलेलं किंवा फोटोवालं देऊ नका, तपासनीस आला तर दंड त्या पोराला बसेल.